सगळ्या फाइलींचे मालक ‘नोबडी’: कर्बेरॉस आणि एनएफएसच्या जुळणीचा अनुभव

पुण्यातील डेक्कन भागात असलेल्या आमच्या संशोधन संस्थेत जुन्या पोथ्या, दफ्तरे आणि हस्तलिखिते स्कॅन करून त्यांच्या प्रतिमा एका लिनक्स सर्व्हरवर साठवल्या जातात. स्कॅनिंग करणारे सहायक, सूची तयार करणारे अभ्यासक आणि संपादक असे सगळेच आपापल्या लिनक्स संगणकांवरून, एनएफएसने (दुसऱ्या संगणकावरील फाइली जाळ्यावरून वापरू देणाऱ्या पद्धतीने) जोडलेल्या त्या एकाच साठ्यात काम करतात. हा साठा कर्बेरॉसच्या, म्हणजे वापरकर्त्याला ओळखून मुदतीचे ‘तिकीट’ देणाऱ्या व्यवस्थेच्या, ओळख-पडताळणीखाली आणण्याचे काम यंदा आम्ही जूनमध्ये सुरू केले आणि ते कोजागिरीनंतर पूर्ण झाले. मधल्या काळात फाइलींची मालकी ‘नोबडी’, म्हणजे ‘कोणीच नाही’, अशी दिसू लागली तेव्हा या विषयावर मराठीत सलग लिहिलेले मला काहीच सापडले नाही. म्हणून जे घडले ते क्रमाने लिहीत आहे. एखाद्या महाविद्यालयात किंवा छोट्या कार्यालयात एकट्याने हेच काम करणाऱ्याला त्याचा उपयोग व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

कामाला निमित्त झाले एप्रिलमधल्या लेखापरीक्षणाचे. माहितीच्या सुरक्षेविषयीच्या प्रश्नांमध्ये लेखापरीक्षकांनी विचारले की, संस्थेच्या जाळ्यात कोणी स्वतःचा लॅपटॉप जोडला, तर त्याला या फाइली वाचता येतील का. प्रामाणिक उत्तर ‘होय’ असेच होते. एनएफएसच्या नेहमीच्या पद्धतीत क्लायंट संगणक (ज्यावरून साठा वापरला जातो तो) वापरकर्त्याचा केवळ क्रमांक सर्व्हरला सांगतो आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. संपादकांचा क्रमांक १००५ असेल आणि एखाद्याने आपल्या लॅपटॉपवर १००५ क्रमांकाचे खाते उघडले, तर सर्व्हरच्या दृष्टीने तोच संपादक ठरतो. कोणत्या पत्त्यांवरून जोडणी चालेल एवढे निर्बंध आमच्याकडे होते. पण ते संगणकाच्या पत्त्यावर होते, त्यापुढे बसलेल्या माणसावर नव्हते.

मी टिपण तयार केले, त्याला आवक क्रमांक पडला आणि मे महिन्यातील कार्यकारी समितीच्या बैठकीत तत्त्वतः मंजुरी मिळाली. बाहेरच्या सल्लागारासाठी नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागवावी लागली. त्यांपैकी सर्वांत कमी दर दिवसाला ८,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,४४० रुपये होता. सॉफ्टवेअर सगळे मुक्त असल्यामुळे त्याचा खर्च शून्य होता. कर्बेरॉसच्या मुख्य सर्व्हरसाठी कपाटात पडून असलेला एक डेस्कटॉप घेतला आणि त्यात नवी एसएसडी बसवली. सल्लागारांना एकच दिवस बोलवायचे आणि बाकीचे काम आम्हीच करायचे, असे ठरले. तो दिवस नेमका पालखीच्या मुक्कामात आला, रस्ते बंद झाले आणि काम पुढच्या आठवड्यावर गेले. पुण्यात जून-जुलैमध्ये कोणाला बाहेरून बोलावणार असाल, तर पालखीचे वेळापत्रक आधी पाहावे.

कर्बेरॉसची उभारणी तुलनेने सरळ झाली. प्रत्येक व्यक्तीसाठी एक प्रिन्सिपल (कर्बेरॉसमध्ये नोंदलेले नाव), फाइल सर्व्हरसाठी ‘एनएफएस’ सेवेचा प्रिन्सिपल आणि प्रत्येक क्लायंट संगणकासाठी कीटॅब (गुप्त किल्ली साठवणारी फाइल) तयार केली. सर्व्हरच्या निर्यात-यादीत, म्हणजे कोणते फोल्डर कोणाला कसे जोडता येईल त्या यादीत, जुन्या पद्धतीबरोबर नवी पद्धतही काही काळासाठी चालू ठेवली, म्हणजे संगणक एकेक करून हलवता येणार होते. पहिला संगणक संपादक ताईंचा. त्यांनी लॉगिन केले, तिकीट मिळाले, शेअर (सर्व्हरवरचा सामायिक साठा) जोडला गेला, फोल्डर उघडले. मी निश्चिंत होऊन माझ्या खोलीत परतलो, तोच त्यांचा फोन आला. “अहो, जरा येऊन बघता का? माझ्या सगळ्या फाइलींवरचं माझं नाव गेलंय. मालक म्हणून ‘नोबडी’ दाखवतंय, आणि गट ‘नोग्रुप’.”

एखाद्याची वर्षानुवर्षांची कामे अशी निनावी दिसली की घबराट होणे साहजिक आहे, आणि नेमके तेव्हाच सर्वांत घातक सल्ले कानावर येतात. सगळ्या फाइलींची मालकी ‘चाउन’ आज्ञेने पुन्हा बदलून टाका, किंवा सर्वांनाच सर्व अधिकार देऊन मोकळे व्हा, हे त्यांतले नेहमीचे दोन. माझी कळकळीची विनंती आहे की यांपैकी काहीही करू नये. आधी सर्व्हरवर जाऊन, जोडलेल्या शेअरवरून नव्हे तर थेट डिस्कवर, ‘एलएस’ आज्ञा ‘एन’ पर्यायासह चालवावी. म्हणजे मालकीचे मूळ क्रमांक दिसतात. आमच्याकडे सर्व क्रमांक जसेच्या तसे होते. डिस्कवर काहीही बदललेले नव्हते. ताईंना ते पडद्यावर दाखवले, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. क्लायंटवर मात्र त्याच फाइलींपुढे ६५५३४ हा क्रमांक येत होता. लिनक्समध्ये हा ‘नोबडी’चा क्रमांक आहे.

त्यानंतर ताईंना एक नवी फाइल तयार करून जतन करायला सांगितले. ती जतन झाली. त्यांच्या संगणकावर तिचीही मालकी ‘नोबडी’ दिसली, पण सर्व्हरच्या डिस्कवर त्याच फाइलीपुढे त्यांचा खरा क्रमांक होता. या एका चाचणीने अर्धा प्रश्न सुटला. सर्व्हर त्यांना अचूक ओळखत होता आणि त्यांच्या अधिकारांनुसारच त्यांना काम करू देत होता. बिघाड होता तो फक्त मालकाचे नाव परत सांगण्याच्या वाटेवर.

या कामात दोन वेगवेगळ्या जुळण्या असतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या की माणूस भरकटतो, म्हणून इथे थोडे थांबतो. पहिली जुळणी सर्व्हरवर होते. कर्बेरॉसच्या तिकिटातील प्रिन्सिपल कोणत्या स्थानिक वापरकर्त्याचा, हे ती ठरवते आणि वाचण्या-लिहिण्याचे अधिकार तिच्यावर अवलंबून असतात. दुसरी जुळणी मालकाचे नाव दाखवण्याची आणि बदलण्याची. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत सर्व्हर मालक म्हणून ‘वापरकर्ता, ॲटचे चिन्ह, डोमेन (संस्थेचे जाळ्यावरील नाव)’ अशा स्वरूपाचे नाव पाठवतो आणि क्लायंट त्या नावावरून आपल्याकडचा क्रमांक शोधतो. बँकेत सही पडताळून पैसे देणारी खिडकी एक आणि पासबुकावर नाव छापणारी दुसरी, तसाच हा प्रकार आहे. पासबुकावर नाव चुकीचे छापले गेले, तरी पैसे ज्याचे त्यालाच मिळतात. फाइल उघडते पण नाव ‘नोबडी’ दिसते, तेव्हा दुसरी जुळणी तपासावी. ‘परवानगी नाही’ असे उत्तर येते, किंवा नवी फाइल सर्व्हरच्या डिस्कवरच ‘नोबडी’च्या नावे पडते, तेव्हा पहिली.

काल-परवापर्यंत हे का दिसत नव्हते, हा प्रश्न समितीच्या चिटणीसांनीही मला विचारला आणि तो रास्त होता. चौथी आवृत्ती आम्ही आधीपासूनच वापरत होतो. तरीही हे न दिसण्याचे कारण लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, आहे. जुन्या, केवळ क्रमांकावर विश्वास ठेवणाऱ्या पद्धतीत कर्नल नावांची जुळणी मुळातच बंद ठेवतो आणि नावाच्या जागी साधा क्रमांक पाठवतो. २०१५च्या आरएफसी ७५३० या मानकानेही त्याला वाट दिली आहे. कर्बेरॉस लागू होताच ही सवलत संपते आणि नावेच ये-जा करू लागतात. म्हणजे आमच्या संगणकांवरील नावांच्या जुळणीची मांडणी पहिल्या दिवसापासून अपुरी होती, पण तिच्यावर काम करण्याची वेळच आली नव्हती. कर्बेरॉसने काही बिघडवले नाही, जे आधीपासून नव्हते ते फक्त उघडे पाडले.

नेमके काय नव्हते, हे ताईंच्या संगणकावर ‘एनएफएसआयडीमॅप’ ही आज्ञा ‘डी’ पर्यायासह चालवल्यावर लगेच कळले. हा पर्याय त्या संगणकाला स्वतःचे एनएफएस डोमेन काय वाटते ते सांगतो. सर्व्हरवर संस्थेचे पूर्ण डोमेन आले, ताईंकडे मात्र ‘लोकलडोमेन’. सर्व्हरचे यजमान-नाव डोमेनसह पूर्ण नोंदलेले होते, तर क्लायंट संगणकांची नावे नुसती ‘संपादन-२’, ‘सूची-१’ अशी तोकडी होती. डोमेन स्पष्ट लिहिलेले नसेल, तर संगणक ते आपल्या पूर्ण नावावरून काढतो आणि नावात डोमेनच नसेल, तर ‘लोकलडोमेन’ गृहीत धरतो. सर्व्हर ज्या डोमेनचे नाव पाठवत होता ते क्लायंटला परके वाटत होते आणि परक्या नावाला तो ‘नोबडी’ म्हणत होता. उलट दिशेनेही तेच घडत होते. मालकी बदलण्याचा प्रयत्न केल्यास ‘अवैध आर्ग्युमेंट’ असा, वरवर काहीच अर्थ न लागणारा संदेश येत असे, कारण ‘लोकलडोमेन’ जोडलेले नाव सर्व्हर स्वीकारत नव्हता.

उपाय एका ओळीचा आहे. ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘आयडीमॅपडी डॉट कॉन्फ’ या फाइलीत, ‘जनरल’ विभागात, ‘डोमेन’ ही ओळ सर्व्हर आणि सर्व क्लायंट यांवर अक्षरशः सारखी लिहायची. आम्ही ती लिहिली आणि तरीही मालक ‘नोबडी’च राहिला. इथे बरेच जण उपाय चुकला असे समजून मागे फिरतात. क्लायंटचा कर्नल एकदा मिळालेली उत्तरे जपून ठेवतो आणि त्यांची नेहमीची मुदत ६०० सेकंदांची असते. एक तर दहा मिनिटे थांबावे, नाही तर ‘एनएफएसआयडीमॅप’ ‘सी’ पर्यायासह चालवून ती स्मृती रिकामी करावी. जुन्या लेखांमध्ये क्लायंटवरची ‘आयडीमॅपडी’ सेवा पुन्हा सुरू करायला सांगतात. आजच्या लिनक्समध्ये क्लायंटवरचे हे काम ‘एनएफएसआयडीमॅप’ करते, त्यामुळे तेथे त्या सेवेचा काही परिणाम होत नाही. ती सर्व्हरवर लागते. स्मृती रिकामी केल्यावर ताईंच्या फोल्डरमध्ये एकामागून एक त्यांचे नाव दिसू लागले, तेव्हा मला झालेला आनंद मी लपवला नाही.

उरलेले संगणक जुलैअखेरपर्यंत हलवले. त्यातला एक गुरुवार लक्षात राहिला. दुरुस्तीसाठी सकाळी वीज गेली होती, ती आल्यावर सूची विभागातील एका संगणकावर कोणालाच तिकीट मिळेना. त्याच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपली होती आणि घड्याळ काही वर्षे मागे गेले होते. कर्बेरॉसला दोन्हीकडच्या घड्याळांत साधारणपणे पाच मिनिटांहून अधिक फरक चालत नाही. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून सीआर२०३२ जातीची नाणेवजा बॅटरी आणली, घड्याळ सर्व्हरकडून जुळवून घेण्याची सेवा तपासली आणि काम झाले. अशा बॅटऱ्या दोन-चार जादा घेऊन ठेवाव्यात.

खरी कसोटी ऑगस्टमध्ये लागली. आमच्याच विश्वस्त मंडळाचे एक महाविद्यालय आहे. तेथील संशोधक आमच्या साठ्यात काम करतात आणि त्यांच्याकडे कर्बेरॉसची स्वतःची व्यवस्था, म्हणजे वेगळा रेल्म आहे. दोन्ही रेल्मनी एकमेकांची तिकिटे मान्य करावीत, यासाठी दोन्हीकडे सारखाच सामायिक पासवर्ड नोंदवावा लागतो. त्याकरिता पत्र दिले, पोच घेतली, मग त्यांच्या संगणक समितीची बैठक, त्यानंतर प्राचार्यांची सही. गणपतीच्या सुट्ट्या मध्ये आल्याने मंजुरीचे पत्र हाती पडायला सप्टेंबरचा मध्य उजाडला. पासवर्ड लिफाफ्यात घालून कोणाबरोबर पाठवू नये. दोन्हीकडच्या जबाबदार व्यक्तींनी समोरासमोर बसूनच तो नोंदवावा. आम्ही तसे केले.

एवढे होऊनही महाविद्यालयातील संशोधकांना शेअर जोडता येई, पण आत गेल्यावर ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळे. जिथे सर्वांना लिहिण्याची मुभा होती, त्या तात्पुरत्या फोल्डरमधील त्यांच्या फाइली सर्व्हरच्या डिस्कवरच ‘नोबडी’च्या नावे पडत होत्या. म्हणजे या वेळी बिघाड पहिल्या जुळणीत होता. सर्व्हरवर तिकिटे तपासणाऱ्या ‘एसव्हीसीजीएसएसडी’ या सेवेला अधिक तपशीलवार नोंदी करायला लावल्यावर लॉगमध्ये स्पष्ट ओळ आली की, अमुक नाव अमुक डोमेनमध्ये बसत नाही. सर्व्हर फक्त स्वतःच्या डोमेनशी जुळणारा रेल्म आपला मानतो. अन्य रेल्म आपले मानायचे असतील, तर त्याच ‘आयडीमॅपडी डॉट कॉन्फ’ फाइलीत ‘लोकल-रेल्म्स’ या ओळीत ते सगळे, स्वतःच्या रेल्मसह, लिहावे लागतात.

ओळ लिहायला क्षणभर लागतो, पण मी ती लगेच लिहिली नाही. ही ओळ लिहिली की सर्व्हर प्रिन्सिपलच्या मागचा रेल्म काढून टाकतो आणि उरलेल्या नावाचा स्थानिक वापरकर्ता शोधतो. आमच्याकडे लॉगिनची नावे आडनावांवरून दिलेली आहेत आणि पुण्यात दोन संस्था म्हटल्या की दोन्हीकडे कुलकर्णी असणारच. महाविद्यालयातील ‘कुलकर्णी’ आमच्या साठ्यात आले असते, तर सर्व्हरने त्यांना आमचे ‘कुलकर्णी’ समजून आमच्या कुलकर्णींच्या सर्व फाइली, अप्रकाशित टिपणांसह, मोकळ्या करून दिल्या असत्या. कोणताही त्रुटी-संदेश आला नसता आणि कोणाच्या लक्षातही आले नसते. ‘नोबडी’ दिसणे त्रासदायक असते, पण ते निदान दिसते. चुकीच्या माणसाला बरोबर समजणे कितीतरी अधिक गंभीर आहे, आणि ओळख-पडताळणीचा सगळा खटाटोप ते टाळण्यासाठीच असतो.

म्हणून दोन्ही संस्थांच्या लॉगिन-नावांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. कुलकर्णी, जोशी आणि देशपांडे ही नावे दोन्हीकडे निघाली. अशा व्यक्तींसाठी फाइलीत ‘स्टॅटिक’ विभाग जोडला आणि त्यांच्या पूर्ण प्रिन्सिपलपुढे, रेल्मसह, कोणता स्थानिक वापरकर्ता मानायचा ते एकेक करून लिहिले. ‘ट्रान्स्लेशन’ विभागात ‘जीएसएस-मेथड्स’ या ओळीत आधी ‘स्टॅटिक’ आणि मग ‘एनएसस्विच’ (नावावरून होणारा नेहमीचा शोध) असा क्रम ठेवला. क्रम उलटा झाला, तर नेहमीचा शोध आधी लागतो आणि ही यादी वाचलीच जात नाही. ‘लोकल-रेल्म्स’ची ओळ त्यानंतरच लिहिली. दोन्हीकडच्या कार्यालयांना पत्रही दिले की, नवे लॉगिन उघडताना नाव दुसऱ्या यादीत आहे का ते आधी पाहावे. बदलानंतर ‘एसव्हीसीजीएसएसडी’ पुन्हा सुरू केली आणि क्लायंटवर शेअर उतरवून परत जोडला. आधीच जुळलेली सुरक्षित जोडणी आपल्या मुदतीपर्यंत जुनाच निकाल वापरत राहते. हे सगळे आमच्या डेबियन सर्व्हरला लागू आहे. रेड हॅटच्या घराण्यातील सर्व्हरवर बहुधा ‘एसव्हीसीजीएसएसडी’ऐवजी ‘जीएसएसप्रॉक्सी’ असते आणि प्रिन्सिपलवरून वापरकर्ता ठरवण्याचे नियम कर्बेरॉसच्या स्वतःच्या मांडणीत लिहावे लागतात, हे तेथे काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

या बदलाचा एक फायदा मात्र अनपेक्षितपणे पदरात पडला. जुन्या पद्धतीत क्लायंट वापरकर्त्याचे जास्तीत जास्त १६ गट कळवू शकतो. अनेक प्रकल्पांच्या गटांत असलेल्या आमच्या मुख्य सूचीकारांना त्यामुळे काही फोल्डर अधूनमधून बंद मिळत. कर्बेरॉसमध्ये सर्व्हर वापरकर्त्याचे गट स्वतःच शोधतो, त्यामुळे ती तक्रार आपोआप मिटली.

सप्टेंबरच्या शेवटी रात्रीची कामे उरली होती. स्कॅन केलेल्या प्रतिमांची लहान रूपे तयार करणारी आज्ञावली मध्यरात्री एका क्लायंट संगणकावर ‘रूट’ (सर्वाधिकार असलेले खाते) म्हणून चालत असे आणि आता ती रोज ‘परवानगी नाही’ म्हणून थांबत होती. क्लायंटवरच्या ‘रूट’ला सर्व्हर ‘रूट’ मानत नाही आणि रात्री तिकीट घेऊन बसलेले कोणी नसते. त्या कामासाठी स्वतंत्र वापरकर्ता आणि स्वतंत्र प्रिन्सिपल केला, त्याची कीटॅब फक्त त्यालाच वाचता येईल अशी ठेवली आणि काम सुरू होण्यापूर्वी त्या कीटॅबने तिकीट घेण्याची ओळ आज्ञावलीत घातली. आज्ञावलीला फक्त दोन फोल्डरमध्ये लिहिण्याचे अधिकार दिले. पूर्वी तिला सगळीकडेच होते, ते तसे असायला नको होते.

कोजागिरीनंतरच्या सोमवारी निर्यात-यादीतून जुनी, क्रमांकावर विश्वास ठेवणारी पद्धत काढून टाकली. त्याआधी प्रत्येक क्लायंटवर ‘एनएफएसस्टॅट’ ही आज्ञा ‘एम’ पर्यायासह चालवून कोणता शेअर कोणत्या सुरक्षा-पर्यायाने जोडला आहे ते पाहिले आणि कागदावर नोंदवले. संस्थेतील तारेच्या जाळ्यासाठी मजकुरात फेरफार झालेला पकडणारा ‘केआरबी५आय’ आणि महाविद्यालयाकडून येणाऱ्या जोडण्यांसाठी मजकूर कूटबद्धही करणारा ‘केआरबी५पी’ ठेवला. मोठ्या स्कॅन-प्रतिमा उघडताना दुसऱ्या पर्यायाचा वेग कमी पडतो, पण ती किंमत संशोधकांनी मान्य केली आहे.

मोठ्या आकाराच्या दफ्तरांचा स्कॅनर ज्या जुन्या संगणकाला जोडलेला आहे, त्यावर कर्बेरॉस चालत नाही आणि उत्पादकाकडून नवी प्रणाली मिळणार नाही. त्याच्यासाठी ‘आवक’ नावाचे एक स्वतंत्र फोल्डर वेगळे निर्यात केले आहे. ते फक्त त्या एका संगणकाच्या पत्त्यावरून उघडते, तेथून येणारा प्रत्येक जण एकाच मर्यादित खात्याचा मानला जातो आणि आलेल्या प्रतिमा दर तासाला मुख्य साठ्यात हलवल्या जातात. लेखापरीक्षकांना दिलेल्या उत्तरात हा अपवाद कारणासह लिहिला आहे आणि नव्या संगणकाची मागणी पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात घातली आहे.